मोझॅक

भुसावळच्या दवाखान्यात नर्सनं हातावर दोन चापट्या मारल्या
तेव्हा कुठे शीर दिसली.
नळीचं टोपण हिरवं.
मला जांभळं माहीत होतं, हिमोग्लोबिनचं.
"ही मुंबईला जाईल. पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत.
बर्फ नको, ऊन नको," ती म्हणाली.
ऊन नको! मे महिन्यात, भुसावळला.

मी सोळाची. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा,
तेरा वर्षांचा हितेश माझ्या रेघेवरून गेला
त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
प्रार्थनेला मी अजून पहिल्या रांगेत.
"चणच बारीक आहे, आत्यावर गेली."
"येईल पाळी, आपल्यात उशिराच येते."
आत्याला तेराव्या वर्षी आली होती.
हे तिनंच मला सांगितलं,
गच्चीवर पापड उलटताना, आवाज खाली करून.

एकवीस दिवस लागतात.
पेशी वाढवतात, नेमक्या क्षणी थांबवतात,
फोटो काढून जोड्या लावतात,
शाळेच्या धुतलेल्या मोज्यांसारख्या.
आणि एक मोजा उरतो.

"तीस पेशी मोजल्या," डॉक्टर ढाकेबाई म्हणाल्या.
"एकवीसमध्ये पंचेचाळीस, नऊमध्ये शेहेचाळीस."
टेबलावरच्या पेपरातही होतं: भुसावळ ४५.८.
मला हसू आलं. वेळ हसायची नव्हती.
"एक्स एकच आहे, पण सगळीकडे नाही.
याला मोझॅक म्हणतात."

आईनं एकदम खाली पाहिलं.
दवाखान्यात गुळगुळीत, चकचकीत फरशी.
मोझॅक आमच्या घरी आहे, सावद्याला,
केळीच्या वॅगनी दिल्लीला भरून गेल्या
त्या साली बसवलेली.
पांढरे खडे, काळे खडे, मधूनच एखादा विटकरी.

"आन् मूल?" आईनं विचारलं.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"ते बोलू. आधी हृदय बघू, कान बघू, थायरॉइड बघू."
आई पाठीमागे मान डोलवत राहिली,
सामानाची यादी लक्षात ठेवावी तशी.
हृदय. कान. थायरॉइड.
रिक्षात बसल्यावर म्हणाली, "चौथं काय होतं?"
चौथं तिनंच विचारलं होतं.

सुधाकरमामा आले. कोणी सांगितलं कोण जाणे.
"केयीले तं बीच नसतं, पोरी," म्हणाले,
"आन् अख्खा रावेर तालुका तिच्यावर जगते."
मामांचे डोळे भरले होते, म्हणून मी चहा दिला.
मी केळ नाही मामा, हे बशीतल्या बिस्किटांना सांगितलं
आणि ती एकेक करून खाऊन टाकली.

रिपोर्ट तुरीच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.
डाळ काढताना रोज आईच्या हाताला लागत असणार.

पुढे हिवाळ्यात बाईंनी समजावलं
की ही मोजणी फक्त रक्तातली,
कातडीत, आणखी कुठे, प्रमाण वेगळं निघू शकतं.
आईनं माझ्याकडे पाहिलं. नवीन काही नव्हतं तिला.
कारण त्या मे महिन्यातच एका रात्री
लाइट गेली होती, मी पाणी प्यायला उठले,
तर ही स्वयंपाकघरात पालथी,
मोबाइलचा उजेड जमिनीला टेकवून,
बोट एकेका खड्यावर.

"आई?"
"थांब व, चुकीन."
मग उठून बसली, गुडघे चोळत.
"याच्यात काये जास्त निंघले.
त्या गॅसपासच्यात पांढरे दिसतात.
एका फरशीवरून घराचं काय सांगता येते?"

मी खाली बसले. फरशी गार होती.
गॅसजवळची मोजायला घेतली.
एकशे बारापर्यंत आले
आणि हितेश झोपेत माठाकडे निघाला,
आईच्या बोटावरून, माझ्या फरशीवरून पाय देत गेला.

"कितीवर होती?"
आठवेना.
"मंग पहिल्यापासून," आई म्हणाली
आणि उजेड माझ्याकडे सरकवला.